बोलायची खोली

सोमवार, ६ जानेवारी

आज ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक माणूस सापडला. चोर नव्हता, गवंडी होता. नखांत अजून सिमेंट होतं. वर्तमानपत्रांच्या विभागाला लागूनच आमचा जिना. त्याच्या खालच्या अंधारात हा उकिडवा बसून मोबाइलवर डॉक्टरांशी बोलत होता. कामावर यंत्राचा खडखडाट, घरी एका खोलीत सगळं बिऱ्हाड, म्हणून बिचारा शांत जागा शोधत इथवर आलेला. डॉक्टर पडद्यावरून लघवीबद्दल एकेक प्रश्न विचारत होते आणि हा तोंडावर हात धरून उत्तरं देत होता.

मी तरातरा गेले ती त्याला बाहेर काढायलाच. पण वळून बघते तर सगळे वर्तमानपत्रवाले पेपर समोर धरून जिवाचा कान करून ऐकतायत. एकाचा तर चष्मा खिशात होता आणि अग्रलेख वाचतोय म्हणे. मेल्यांनो, तुमच्याही मूत्रपिंडांची पाळी येईल, असं मनात म्हटलं आणि त्या गवंड्याला मागच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत नेऊन बसवलं. आमचे बांधणीवाले निवृत्त झाल्यापासून ती खोली नुसती धूळ खात पडली आहे. अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा चेहरा मोकळा झालेला. म्हणाला, "बाई, दार लावून बोलायला मिळालं. बरं वाटलं." पुढच्या सोमवारी परत येऊ का म्हणाला, आणि मी या म्हणून बसले.

मी! जिने या ग्रंथालयात तीस वर्षं माणसांना गप्प बसवलं, तिने एकाला बोलायला खोली दिली. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

गुरुवार, ९ जानेवारी

डोक्यातून ती खोली जात नाही. आज मुद्दाम लक्ष ठेवलं. सायकली लावतात तिथे एक मुलगी कानात बोट घालून कुठल्याशा कंपनीला मुलाखत देत होती आणि मागून ट्रक हॉर्न देत होते. शिंपीमामा शिलाई मशीनच्या तक्रारीसाठी कंपनीच्या फोनवर ताटकळत दारात उभे. म्हणजे माणसं आमच्या दाराशी येतायत, पण आत येऊन करायचं ते काम आमच्याकडे होत नाही. मग आम्ही काय फक्त कपाटांची राखण करतो?

असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी पुस्तकं पोचवायला आम्ही सुरुवात केली ती मी मुख्य ग्रंथपाल झाल्यावर. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचं कपाट माझं. अर्ज भरून द्यायचं टेबल नवीचं. नवी म्हणजे माझी सहायक. नोकरीला सात वर्षं झाली, तरी सगळ्यांची ती नवीच. त्या टेबलालाही मी आधी नाक मुरडलं होतं, आणि आता पाहुण्यांना पहिल्यांदा तेच दाखवते.

पण शांतता ही माझी खरी कमाई. इथे पान उलटल्याचा आवाज येतो. माझी पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: पेन्सिलीची एक टक म्हणजे आवाज खाली, दोन टक म्हणजे तोंड बंद. तिसरी टक मारायची वेळ आजवर कुणी आणलेली नाही. घरी जेवताना चमच्याची एक टक पुरते. ह्यांना ती सवयीची आहे, आणि वरच्या मजल्यावरचे दीर-जाऊ खाली जेवायला आले की त्यांनाही.

बुधवार, २२ जानेवारी

व्यवस्थापन समितीची बैठक. मी बांधणीच्या खोलीचा विषय मांडला. वाचकांच्या वतीने कोडेआजोबा हजर होते. रोज सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर राहून शब्दकोडं पहिल्यांदा आपल्याच हाती पडेल याची खात्री करणारे ते हे आजोबा. ते म्हणाले, ग्रंथालयात बोलायची खोली काढणं म्हणजे दवाखान्यात सर्दी वाटण्यासारखं आहे. समिती हसली. मी नाही हसले. मी त्या गवंड्याची गोष्ट सांगितली, आणि चष्मा खिशात ठेवून अग्रलेख वाचणारे कोण तेही सांगू का म्हणून विचारलं. समितीतले दोघं एकदम गंभीर झाले. ठराव मंजूर.

शनिवार, १ फेब्रुवारी

खोली तयार झाली आणि अशी झाली की बघत राहावं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना काहीतरी लावायला हवं होतं. नवीला भन्नाट सुचलं. तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड पडून होते, विटांसारखे जाड. ते जमिनीपासून छतापर्यंत चारी भिंतींना रचले. आत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. टेबल, खुर्ची, कॅमेऱ्याचा संगणक, चेहऱ्यावर पडणारा दिवा. दाराला वरच्या अर्ध्यात काच, म्हणजे आत सगळं ठीक आहे ना ते बघता येतं. दारावर पाटी लावली: बोलायची खोली.

कोडेआजोबा येऊन पाटी वाचून गेले. बोलले काही नाहीत, पण पाठीवरून कळतं माणूस रागावलाय ते.

सोमवार, १० फेब्रुवारी

खोली सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेली. गवंडी दर सोमवारी येतो, अंघोळ करून, भांग पाडून. शिंपीमामांनी कंपनीशी असं काही भांडण केलं की बाहेर आले ते हसतच, आणि लगेच पुढच्या आठवड्याची वेळ मागितली. म्हटलं, मशीन दुरुस्त झालं ना? तर म्हणाले, झालं, पण घरी एवढं बोलू कोण देतं.

काचेपुरतं मी लक्ष ठेवते. पेपरांचे गठ्ठे असूनही कुणी फारच चढलं की बाहेर थोडं येतं. मग अंगठीने काचेवर एक टक. माणूस लगेच खाली येतो. पेन्सिलीपेक्षा अंगठीची टक जास्त चालते असा माझा अनुभव आहे.

घरची बातमी अशी की जाऊबाईंना मुलाखतीचं बोलावणं आलंय. दीर बस चालवायचे. मागच्या वर्षी कंबरेचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून ते वरच्या मजल्यावर टीव्हीसमोर पडून आहेत आणि घर आमच्या आधारावर चाललंय. आम्ही तोंडातून अवाक्षर काढत नाही, पण तिला ते बोचतं. भाजी निवडायला खाली येते ती मान खाली घालूनच. आता शहराच्या रुग्णवाहिका केंद्रात फोन घेणाऱ्यांच्या जागा निघाल्यात. कुणी घाबरून फोन केला की त्याला शांत करायचं, पत्ता काढून घ्यायचा, गाडी पोचेपर्यंत बोलत राहायचं. लेखी परीक्षेत ती पहिल्या दहात आली. ही नोकरी मिळाली तर तिचं घर तिच्या पायावर उभं राहील. दिरांनी एवढंच म्हटलं, "वहिनी, हिचं एवढं होऊ दे."

मुलाखत पडद्यावरून आहे. वर टीव्ही, खाली पाण्याची मोटर, गल्लीत शाळा. मी म्हटलं, चिंता कशाला? तुझ्या जावेची खोली आहे की.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज जाऊबाईंची मुलाखत. सकाळी मी स्वतः टेबल पुसलं, दिवा लावला. ती निळी साडी नेसून आली. हॉलमधल्या सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, माझी जाऊ, मुलाखत आहे. नवीने तिला पाणी दिलं.

मुलाखत सुरू झाली आणि मी काचेपाशीच उभी राहिले, तिला आधार वाटावा म्हणून. पडद्यावर तिघं जण. हिचा आवाज मुळातच चढा. गच्चीतून हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला भाजीवाला हातगाडी थांबवतो. दोन-तीन उत्तरं झाली आणि आवाज काच ओलांडून हॉलमध्ये यायला लागला. कोडेआजोबांनी मान वर केली. मी सगळ्यांना करते तसंच केलं, काचेवर एक हलकी टक. लगेच तिने आवाज खाली आणला. तेवढं मात्र तिचं कौतुक आहे, सांगितलेलं ऐकते. मध्ये दोनदा तिने वळून माझ्याकडे बघितलं. घाबरली असेल म्हणून मी हाताचा पंजा खाली-वर करून खुणावलं, शांत हो, सावकाश, मी आहे इथे. पुढची सगळी मुलाखत तिने अगदी सावकाश दिली. हॉलमध्ये कुणाला काडीचा त्रास झाला नाही.

बाहेर आली तेव्हा तोंड उतरलेलं. मुलाखतीनंतर कुणाचंही उतरतंच. नवी मला काहीतरी सांगायला आली होती, पण तेवढ्यात परतीच्या पुस्तकांची गर्दी झाली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नाही घेतलं तिला. कारण काय, तर आवाज पुरेसा नाही. आवाज पुरेसा नाही! कुणाचा? हिचा? मागे खालच्या बिऱ्हाडातल्या मावशी जिन्यात चक्कर येऊन पडल्या तेव्हा सगळे नुसते भोवती गोळा झालेले. हिने वरून एका हाकेत एकाला पाणी आणायला, एकाला रिक्षा आणायला आणि उरलेल्यांना बाजूला व्हायला लावलं होतं. त्या केंद्रात बसलेत त्यांचे कान तपासायला हवेत.

दुपारी संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावून माइक बघायला लावला. म्हणाला, माइक उत्तम आहे. मी म्हटलं, परत बघा. परत बघून तो म्हणाला, बाई, उत्तम म्हणजे उत्तम. मग इंटरनेटची तक्रार केली. तिथेही दोष नाही म्हणे. माझ्या खोलीतून दिलेली मुलाखत वाया जावी हे मला लागलंय, खरं सांगते. नवी जवळच उभी होती. म्हणाली, "मॅडम, माइकचा प्रश्न नसेल." म्हटलं, मग कशाचा? तर ती गप्प बसली. सात वर्षं झाली, पण मुलीला अजून पुरतं वाक्य बोलता येत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

घर कसं शांत आहे. जाऊबाई जेवायला येतात, जेवतात, भांडी उचलतात. पूर्वी भाजीवाल्यापासून दिरांच्या कंबरेपर्यंत सगळ्याच्या गोष्टी चालायच्या आणि मला चमचा वाजवावा लागायचा. आता आठवडाभर वाजवला नाही. ह्यांनी आज अचानक विचारलं, ही बोलत का नाही? म्हटलं, दुःख आहे, बोलेल. पण मलाही घास गिळवेना. शांततेची मला आवड आहे हे खरं, पण ही कसली शांतता, अंगावर येते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज लिहायला हात धजत नाही, पण लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

खोलीत काहीतरी बिघाड असणारच, हे माझ्या डोक्यातून जाईना. म्हटलं आपणच आत बसून बघू. ह्यांना पडद्यावर बोलावून घेतलं आणि नवीला काचेबाहेर उभं केलं, बाहेर किती ऐकू येतं ते बघायला. ह्यांना मी घरपट्टीपासून नळाच्या गळतीपर्यंत जोरजोरात सांगत होते, अगदी तावातावाने. आणि एकदम काचेवर टक झाली. एकच. माझा आवाज तिथल्या तिथे बसला. घशात हात घालून कुणी ओढून घेतल्यासारखा. हे पडद्यावरून "काय? ऐकू येत नाही, मोठ्याने बोल" म्हणत होते आणि मला मोठ्याने बोलताच येईना. मी नवीकडे बघितलं. तिने पंजा खाली-वर केला.

मी दार उघडून बाहेर आले. रागाने आले होते, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही असंच केलंत," ती म्हणाली. "बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं, ते लोक सारखे मोठ्याने बोला म्हणत होते. त्या तुमच्याकडे बघत होत्या."

मी खुर्चीत बसले. सगळं डोळ्यांपुढून गेलं. आधारासाठी बघतेय म्हणत होते मी, आणि ती परवानगी मागत होती. माझ्या हातची टक तिने घरी किती वर्षं खाल्ली आहे. केंद्राचे कान तपासायला निघालेली मी, कान तर माझेच गेलेले.

मग नवीला म्हटलं, एवढं कळत होतं तर त्याच दिवशी ओरडली का नाहीस? तिने माझ्याकडे असं बघितलं की उत्तराची गरज राहिली नाही. पण आज ही मुलगी माझ्या तोंडावर टक मारायला धजली. सहायक असावी तर अशी. उद्या समितीला सांगणार आहे, हिला नवी म्हणणं बंद करा.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी आधी केंद्राच्या प्रमुख बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे ग्रंथालयातल्या ग्रंथपालानेच आमच्या उमेदवाराला गप्प बसवलं? म्हटलं, हो, आणि ती ग्रंथपाल मीच. मग त्या म्हणाल्या की निवडलेल्यांपैकी दोघी रुजू झाल्या नाहीत, येत्या गुरुवारी आणखी काही मुलाखती आहेत, त्यात हिलाही बोलावते, पण सवलत मिळणार नाही. म्हटलं, सवलत नकोच, फक्त कान द्या.

संध्याकाळी वर गेले. मी वर जायची वेळ क्वचितच येते, सगळे खालीच येतात. जाऊबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून उठायला लागली. मी तिला बसवलं आणि काय झालं ते सांगितलं, माझी चूक माझ्या तोंडाने. ती रडली नाही, रागावली नाही. तेच मला जड गेलं. एवढंच म्हणाली, "ताई, मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे मीच जास्त बोलत असेन."

दिरांनी टीव्ही बंद केला होता. पहिल्यांदाच बघितला त्यांचा टीव्ही बंद.

म्हटलं, गुरुवारी मुलाखत आहे, आणि माझी शपथ आहे तुला, छप्पर उडालं तरी चालेल. ती थोडी हसली. मग विचारलं तिने, "आणि तुमचे कोडेआजोबा?" म्हटलं, त्यांना मी बघते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आजचा दिवस मी जन्मात विसरायची नाही.

जाऊ वेळेच्या आधी आली. पण खोलीत गवंडी. आज त्याचा वार नव्हता, पण तपासण्यांचा निकाल आला होता आणि शस्त्रक्रिया करायची का नाही ते डॉक्टर अचानक आजच सांगणार होते. काचेतून दिसत होता, दोन्ही हातांनी टेबल धरून बसलेला. मी घड्याळ बघितलं, काचेकडे हात उचलला. तेवढ्यात जावेने माझं मनगट धरलं.

"ताई, त्यांना उठवू नका. मी इथेच बोलते."

इथेच म्हणजे वाचनाच्या हॉलमध्ये. माझ्या हॉलमध्ये. मी म्हटलं, बस. नवीने (समितीने अजून ठराव केला नाही, म्हणून नवीच) तिचा संगणक काउंटरवर आणून ठेवला. मी हॉलमध्ये टेबलाटेबलापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाचकांना उलटं सांगितलं: आता अर्धा तास इथे एक बाई मोठ्याने बोलणार आहे, नोकरीची मुलाखत आहे, कुणाची हरकत आहे का? अभ्यास करणाऱ्या मुलींनी पुस्तकं मिटली. वर्तमानपत्रवाल्यांनी पेपर खाली ठेवले, आज उघड उघड ऐकायला मिळणार म्हणून. शेवटी कोडेआजोबा. त्यांनी विचारलं, मोठ्याने म्हणजे किती मोठ्याने? म्हटलं, तिला जमेल तितकं. त्यांनी पेनाला टोपण घातलं. हो म्हणाले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

सुरुवातीला ती चाचरली. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, जरा मोठ्याने. जावेने माझ्याकडे बघितलं. मी काय करावं? खूण करायला तर हातांची भीतीच बसलेली. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नुसती मान हलवली.

मग त्यांनी तिला एक खोटा फोन दिला. पडद्यावरचा एक माणूस ओरडायला लागला, आई पडली, आई बोलत नाही, लवकर या. आणि माझी जाऊ सुटली.

"मी ऐकतेय. फोन ठेवू नका, मी इथेच आहे. आधी पत्ता सांगा, जवळची मोठी खूण सांगा. गाडी निघाली. आता आईच्या छातीकडे बघा, वर-खाली होतेय का? होतेय ना? मग त्यांना हळूच एका कुशीवर वळवा. घरात आणखी कोण आहे? त्यांना दार उघडायला सांगा, बाहेरचा दिवा लावायला सांगा. तुम्ही आईजवळून हलू नका. माझ्याशी बोलत राहा."

काय तो आवाज! आरडाओरडा नाही, तरी हॉलच्या टोकाच्या खिडकीपर्यंत शब्दन्‌शब्द पोचत होता. त्या आवाजाला मी घरात इतकी वर्षं चमचा वाजवत आले. पडद्यावरचा माणूस ओरडतच होता, आणि ही त्याला पायरी पायरी खाली आणत होती, हात धरून जिना उतरवावा तशी. वाचकांपैकी कुणी हललं नाही. गवंडी बाहेर येऊन दारातच उभा राहिला.

आणि कोडेआजोबा ताडकन उठले. मुलाखत आहे हे मीच त्यांना सांगितलं होतं, पण ते साफ विसरले. काउंटरपाशी येऊन घाईघाईने म्हणाले, "पत्ता काय म्हणाला तो? माझी गाडी बाहेरच आहे."

पडद्यावर ते ऐकू गेलं. प्रमुख बाईंनी विचारलं, कोण बोललं? जाऊ गोंधळली, मग म्हणाली, आमचे वाचक आहेत, ते मदतीला निघालेत.

मग त्या बाई शेजारच्याकडे वळून म्हणाल्या, "आवाज पोचतोय."

कोडेआजोबांना नवीने खुर्ची दिली, पाणी दिलं. ते ओशाळले होते. पण मी त्यांना एका शब्दाने चिडवलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला चिडवू दिलं नाही. गवंड्याची शस्त्रक्रिया करायची नाही असं ठरलंय, औषधांवर भागणार आहे. त्याने जावेला हात जोडून सांगितलं, तुमचं होणार बघा.

बुधवार, ५ मार्च

झालं! निवड झाली. पत्र घेऊन ती धावत ग्रंथालयात आली आणि दारातूनच मला हाक मारली. अख्ख्या हॉलने माना वर केल्या. मी म्हटलं, काय ते तिथूनच सांग. तिने तिथूनच सांगितलं आणि वाचकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथालयात टाळ्या! मीही वाजवल्या.

रात्री जेवताना दिरांनी दोनदा भात मागून घेतला. हे म्हणाले, आता घरातलं कुणी आजारी पडलं तर ओळख काढता येईल. जाऊबाई म्हणाल्या, भावोजी, ओळख नाही चालायची, पत्ता नीट सांगा म्हणजे झालं. आवाज थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटत होता. बरं वाटलं.

शनिवार, २२ मार्च

समितीने वरच्या मजल्यावर दुसरी बोलायची खोली मंजूर केली, आणि पहिलीच्या काचेवर पडदा बसवला. पडदा माझा हट्ट. आत कोण किती मोठ्याने बोलतंय ते बघायचं आमचं काम नाही. जाऊबाईंचं प्रशिक्षण संपून काम सुरू झालंय; निळा गणवेश, छातीवर बिल्ला. बसमध्ये लोक उठून जागा देतात म्हणे. दिरांनी घरचा स्वयंपाक शिकायला घेतलाय. भाजीत मीठ विसरतात, पण घरात टीव्हीशिवाय दुसरा आवाज यायला लागलाय.

मंगळवार, ८ एप्रिल

कोडेआजोबा आठवडाभर आलेले नाहीत. त्यांचं शब्दकोडं तसंच कोरं. नक्की रुसलेत. दुसरी खोली झाल्याचं कळलं असेल, नाहीतर टाळ्यांचा राग अजून धरला असेल. रुसू देत. म्हातारी माणसं अशीच. तरी सकाळी दार उघडताना पायरी रिकामी दिसली की चुकल्यासारखं होतं.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मी काही टोमणा मारणार होते, पण चेहरा बघून तोंड मिटलं. ते सरळ काउंटरपाशी आले आणि नेहमीच्या सवयीने, वाचकांना त्रास नको म्हणून, अगदी कुजबुजत सांगायला लागले. गेल्या आठवड्यात पहाटे त्यांच्या घरी आजी न्हाणीघरात पडल्या. शुद्ध नाही. आजोबांच्या हातात गाडीची किल्ली, पण ती काही केल्या कुलपात जाईना. कसाबसा फोन लावला. पलीकडून आवाज आला आणि आजोबांनी तो ओळखला, पहिल्या शब्दाला ओळखला. या हॉलमध्ये ऐकलेला. मग म्हणे भीती वाटली नाही, कारण ही बाई फोन ठेवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तिने सांगितलं तसं केलं, तिने सांगितलं तसं आजींना कुशीवर वळवलं, शेजाऱ्यांना उठवलं. गाडी आली. आजी आता घरी आहेत, सकाळी चहा प्यायल्या, साखर कमी आहे म्हणून तक्रारही केली.

एवढं सांगून त्यांनी डोळे पुसले. मलाही समोरचं नीट दिसेना. मी म्हटलं, "आजोबा, जरा मोठ्याने सांगा. सगळ्यांना ऐकू द्या."

त्यांनी माझ्याकडे अविश्वासाने बघितलं. मग काउंटरला धरून वळले आणि अख्ख्या हॉलला पहिल्यापासून सांगायला लागले. दर वाक्याला ते "त्या बाई" म्हणत होते, आणि दर वेळी मी मध्ये तोंड घालून सांगत होते, "माझी जाऊ."